जोडीदार स्लीप स्टडीला तयार होत नाही? एका माजी हट्टी माणसाकडून

“मी घोरत नाही.”

हे वाक्य मी तीन वर्षं म्हणत होतो, आणि दर वेळी मनापासून. बायको सांगायची, रात्री तुझा श्वास मध्येच थांबतो. माझं ठरलेलं उत्तर असायचं, “थांबला असता तर सकाळी उठलो असतो का?” यावर ती गप्प व्हायची आणि मला वाटायचं, जिंकलो. पुढे झोपेची तपासणी, म्हणजे स्लीप स्टडी, झाली तेव्हा आकडा निघाला ताशी ३८. तासाभरात ३८ वेळा श्वास अडकत होता किंवा पुरेसा आत जात नव्हता, आणि मी ‘मला कशी ढाराढूर झोप लागते’ हे चारचौघांत अभिमानानं सांगत होतो.

झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याच्या या आजाराचं नाव स्लीप अ‍ॅप्निया. त्याबद्दलचे बहुतेक सल्ले पटवणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेले असतात. मी ज्याला पटवावं लागलं त्या बाजूचा आहे. डॉक्टर नाही. पण कोणतं वाक्य ऐकून मी कूस बदलून झोपलो आणि कोणत्या वाक्यानं उठून बसलो, हे मला चांगलं आठवतं.

एक गोष्ट आधी मान्य करा: तुमचा जोडीदार खोटं बोलत नाही. झोपलेला माणूस स्वतःच्या झोपेला हजरच नसतो. त्याच्या लेखी दिवा मालवला आणि उजाडलं, एवढीच रात्र. मधल्या सहा-सात तासांचे साक्षीदार तुम्ही एकटे. साक्षीदारानं साक्ष द्यावी, निकाल देऊ नये. “तुला स्लीप अ‍ॅप्निया आहे” हा निकाल झाला. “काल पहाटे चारच्या सुमाराला तुझा श्वास वीस सेकंद थांबला, मी मोजला” ही साक्ष. पहिल्यावर वाद घालता येतो. दुसऱ्यावर फार तर गप्प बसता येतं.

आजार नेमका काय, ते थोडक्यात

हे तुम्हाला नीट सांगता आलं पाहिजे, कारण समोरून प्रश्न येणारच.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांचे इतके पडतात की श्वासाची वाट अरुंद होते किंवा पूर्ण बुजते. छाती आणि पोट ओढ घेत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू क्षणभर जागा होऊन स्नायूंना ताण देतो आणि घुसमटल्यासारखा एक मोठा श्वास आत जातो. मग पुन्हा झोप, पुन्हा तेच. हे जागणं इतकं क्षणिक असतं की सकाळी त्याचा मागमूस राहत नाही. “थांबला असता तर उठलो असतो का” या माझ्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं: उठत होतासच की, रात्रभर, फक्त तुला पत्ता नव्हता.

श्वास निदान १० सेकंद थांबला, किंवा तेवढा वेळ तो बराच उथळ होऊन त्यामुळे ऑक्सिजन घसरला वा झोप चाळवली, की ती एक घटना धरतात. तासाला अशा सरासरी किती घटना, तो आकडा म्हणजे एएचआय. मोठ्या माणसांत ५ च्या आत असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. ताशी ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो या भागाकारानं.

हा दुर्मीळ आजारही नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार ३० ते ६९ वयाच्या सुमारे ९३ कोटी लोकांना तो कमी-अधिक प्रमाणात आहे. हे सांगितलं की ‘माझ्यातच काहीतरी खोट आहे’ ही बोच जरा कमी होते.

नकार नक्की कशाला आहे?

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. इथे चुकलात तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

मी वरवर म्हणायचो, “मला काही झालेलं नाही.” खाली वेगळंच होतं. एक तर वजन. मला खात्री होती की डॉक्टर पहिल्या वाक्यात वजनावर येणार, आणि तो विषय मला कोणाच्याच तोंडून नको होता. दुसरं म्हणजे तोंडावर मुखवटा बांधून, नळी लावून झोपलेला माणूस मी एका चित्रात पाहिला होता आणि तो मी असू शकतो ही कल्पनाच सहन होत नव्हती. तिसरं कारण कबूल करायला मला वर्ष लागलं: मी दमलेला होतो, खूप, आणि त्याचं कारण वय आहे असं मी ठरवून टाकलं होतं. ते चुकीचं निघालं तर मधली वर्षं उगाच वाया गेली असा अर्थ झाला असता.

तुमच्याकडे कारणं वेगळी असतील. गाडी चालवणं हीच नोकरी असेल तर परवाना जाईल ही भीती असते, आणि ती अगदीच निराधार नाही. अनेक देशांत व्यावसायिक चालकांसाठी याबाबत नियम आहेत, पण उपचार नीट चालू असल्याचं दाखवलं की गाडी चालवता येते, हा त्याचा उत्तरार्ध भीतीत विसरला जातो. कोणाला परक्या ठिकाणी झोपण्याचा संकोच असतो. कोणाला खर्चाची चिंता, पण ती बोलून दाखवायची नसते.

बायको तयार होत नसेल तर मामला आणखी नाजूक. घोरणं हे पुरुषांचं, असा एक समज आहे आणि बाईला “तू घोरतेस” म्हणणं म्हणजे तिच्या दिसण्या-असण्यावर बोट ठेवल्यासारखं होतं. शिवाय स्त्रियांत हा आजार बरेचदा वेगळ्या रूपात येतो: गडगडाटी घोरणं कमी, आणि न संपणारा थकवा, रात्री वारंवार जाग, सकाळी डोकेदुखी, उदास वाटणं जास्त. मग त्यावर ताण, रक्ताची कमतरता, पाळी जाण्याचा काळ अशी लेबलं लागत राहतात. पाळी गेल्यावर या आजाराचा धोका वाढतो, ही गोष्ट मात्र तिला कोणी सांगितलेली नसते. अशा वेळी घोरण्याचं नावच काढू नका. थकव्यापासून सुरुवात करा. त्याचा त्रास तिला स्वतःला होतोय.

कारण शोधायला एकच प्रश्न पुरतो: “तपासणीचं नाव काढलं की तुला सगळ्यात नकोसं काय वाटतं?” विचारा आणि गप्प बसा. अर्धं मिनिट शांतता पडेल, पडू द्या. पहिलं उत्तर “काही नाही, वेळ नाही” असंच येतं. खरं उत्तर बहुधा दुसरं असतं.

सात रात्रींची वही

मोबाइलवरच्या टिपणांपेक्षा साधी वही बरी, कारण पुढे ती समोरच्याच्या हातात द्यायची आहे. आठवडाभर, जाग येईल तेव्हाच लिहा. मुद्दाम जागू नका, तुमचं आजारपण त्यात भर घालायला नको.

काय लिहायचं? वेळ, उताणा होता की कुशीवर, आणि आवाजाचा क्रम. नुसतं घोरणं हा फारसा पुरावा नाही. घोरणारा प्रत्येक जण अ‍ॅप्नियाचा रुग्ण नसतो. तुम्हाला हवं आहे ते घोरण्यातलं भगदाड: आवाज चढत जातो, एकदम बंद होतो, छाती मात्र हलत राहते, मग खर्रकन मोठा श्वास आणि अंगाला हिसका. ती शांतता किती सेकंदांची, हे घड्याळ लावून मोजा. अंदाजानं ‘मिनिटभर’ लिहू नका. काळजीनं वाट पाहणाऱ्याला पंधरा सेकंदसुद्धा मिनिटासारखी वाटतात, आणि एक आकडा फुगलेला निघाला की सगळी वही खोटी ठरते.

दिवसाच्या नोंदीही ठेवा: सकाळी तोंड कोरडं, डोकं जड, रात्री किती वेळा लघवीला उठणं झालं, बसल्या बसल्या डोळा कुठे लागला. लघवीचा संबंध कोणाला चटकन पटत नाही. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत ऋण दाब तयार होतो, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि ‘अंगात पाणी जास्त झालंय’ असा संदेश जाऊन मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात. मी रात्री तीनदा उठायचो आणि प्रोस्टेटची काळजी करत बसायचो.

आमच्या वहीतलं एक पान असं होतं: ‘मंगळवार. ३.५०. उताणा. आवाज बंद – १८ सेकंद. दचकून श्वास. परत बंद – २२. परत – १५. मग कुशीवर वळला, शांत. सकाळी म्हणाला, छान झोप झाली.’ शेवटचं वाक्य तिनं कुठलीही टिप्पणी न करता लिहिलं होतं. मला लागलं ते तेवढंच.

व्हिडिओ: उपयोगी, पण जपून

तीन-चार मिनिटांचं चित्रण शंभर वाक्यांचं काम करतं आणि डॉक्टरांनाही ते पाहायला आवडतं. पहाटेच्या वेळी घ्या. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्या काळात स्नायू सर्वाधिक सैल असतात, त्यामुळे श्वास अडकण्याचे प्रकारही वाढतात. छाती आणि पोट चौकटीत यावं. चेहरा नाही आला तरी चालेल, नाहीच आला तर उत्तम. खोलीतला मंद दिवा पुरे, आवाज स्पष्ट हवा.

मात्र झोपलेल्या माणसाचं चोरून चित्रण करून नंतर ते तोंडावर मारणं हा विश्वासघात आहे, कारण कितीही चांगलं असो. आधी विचारा: “एका रात्री तुझा आवाज रेकॉर्ड करू का? फक्त तुलाच ऐकवीन, नको म्हणालास तर तुझ्यासमोर पुसून टाकीन.” बहुतेक जण ‘कर काय करायचं ते’ म्हणतात, कारण त्यांना खात्री असते की काहीच सापडणार नाही. ही खात्री तुमच्या पथ्यावर पडते. आणि ते रेकॉर्डिंग कुटुंबाच्या ग्रुपवर, मुलांना, भावंडांना, कोणालाही गंमत म्हणूनसुद्धा पाठवायचं नाही. एकदा हसू झालं की तो विषय कायमचा मिटला म्हणून समजा.

दाखवतानाही रिकाम्या खोलीत, एकटं असताना. फोन हातात द्या आणि बाजूला व्हा. मी ते रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा पहिल्या मिनिटाला हसलो. दुसऱ्या मिनिटाला शांतता आली आणि नकळत माझाच श्वास रोखला गेला. रेकॉर्डिंगमधला श्वास सुरू होईपर्यंत मी श्वास सोडला नव्हता.

बोलायचं कधी आणि काय

मध्यरात्री ढोसून उठवून नाही. भांडणाच्या शेपटीला नाही. पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही. सुट्टीच्या सकाळी, दोघं शेजारी शेजारी चालत असताना किंवा हातात काही काम असताना बोलणं सोपं जातं. समोरासमोर बसवून ‘मला तुझ्याशी बोलायचंय’ म्हटलं की माणूस आधीच ढाल पुढे करतो.

माझ्यावर न चाललेली वाक्यं: “एक दिवस झोपेतच जाशील.” “अमक्याला बघ, त्यानं केली ना तपासणी.” “वजन कमी केलंस तर हे सगळं थांबेल.” शेवटचं तर चुकीचंही आहे. वजनाचा वाटा मोठा असला तरी सडपातळ माणसांनाही हा आजार होतो. जबड्याची ठेवण, टॉन्सिल, मानेची जाडी, अनुवंशिकता हेही घटक असतात.

भीती घालण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. उपचार न झालेल्या अ‍ॅप्नियाचा संबंध उच्च रक्तदाब, हृदयाची अनियमित लय, पक्षाघात आणि मधुमेह यांच्याशी दिसून आला आहे. पण ‘मशीन (झोपेत मुखवट्यातून हवा देणारी पेटी) लावलं नाहीस तर हार्ट अटॅक, लावलंस तर सुटलास’ असं छातीठोकपणे सांगू नका. २०१६ साली ‘सेव्ह’ नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. आधीच हृदय वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७०० च्या आसपास रुग्णांत मशीनमुळे पुढचे झटके कमी झालेले दिसले नाहीत. तिथे रोजचा सरासरी वापर साडेतीन तासांच्याही खाली होता, तेव्हा त्यातून शेवटचा शब्द काढता येत नाही. त्याच रुग्णांत दिवसाची पेंग मात्र कमी झाली आणि मनःस्थिती सुधारली. तुमचा जोडीदार चिकित्सक असेल तर तो हे शोधून काढणारच, मग तुमची बाकीची सगळी बाजू पडेल. त्यापेक्षा जे हाताला लागतं ते सांगा: दिवसा ताजंतवानं वाटेल, सकाळचं डोकं हलकं होईल, चिडचिड कमी होईल, गाडी चालवताना डुलकी येणार नाही.

बायकोचं जे बोलणं माझ्या मनात शिरलं ते असं होतं: “तुझा श्वास थांबला की मला जाग येते. मग तो परत सुरू होईपर्यंत मी मोजत पडते. परत सुरू झाला तरी पुढच्याची वाट बघत पडते. वर्षभर माझी झोप नाही रे. तुला काही झालंय असं मी म्हणत नाही. माझ्यासाठी एक रात्र तपासून घेशील?”

यात माझ्यावर आरोप नव्हता. त्रास तिचा होता आणि तो खोटा आहे असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार? शिवाय मागणी एका रात्रीची होती.

तरीही टाळाटाळ झाली तर एक युक्ती आहे, समुपदेशक वापरतात ती. विचारा, “शून्य ते दहामध्ये तुला ही तपासणी किती गरजेची वाटते?” समजा उत्तर आलं, “तीन.” आपल्या तोंडून लगेच निघतं, “फक्त तीन?” तिथे जीभ चावा. उलट विचारा, “तीन का? एक का नाही म्हणालास?” आता तो स्वतःच कारणं सांगू लागतो: “तसा दुपारी डोळा लागतो हल्ली… आणि ते रेकॉर्डिंग…” स्वतःच्या तोंडून निघालेलं कारण माणूस सहसा खोडत नाही.

एका रात्रीची मागणी

नकार बहुतेक वेळा मशीनला असतो, तपासणीला नव्हे. तेव्हा ही गाठ आधी सोडवा: तपासणी केली म्हणजे मशीन घ्यावंच लागतं असं नाही. सौम्य प्रकारात कुशीवर झोपण्याची सवय, वजन कमी करणं, रात्रीचं मद्य बंद करणं, खालचा जबडा पुढे धरणारं दातांवरचं साधन, असे मार्ग असतात. काहींना शस्त्रक्रिया उपयोगी पडते. लठ्ठपणा आणि मध्यम ते तीव्र अ‍ॅप्निया एकत्र असलेल्यांसाठी टिर्झेपटाइड या वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. मशीनची वेळ आलीच, तर ‘सीपॅप’ म्हणजे घसा उघडा ठेवण्यापुरता हवेचा दाब देणारी पेटी, एवढंच. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरपासून जुळवाजुळव केली होती. त्याआधी तीव्र रुग्णांच्या गळ्याला छिद्र पाडावं लागे. आजच्या पेटीचा आवाज माझ्या जुन्या घोरण्याच्या पासंगालाही पुरत नाही.

मग तपासणीत काय होतं ते सांगा. अज्ञाताची भीती तपशिलानं जाते. दोन प्रकार आहेत. घरची चाचणी म्हणजे नाकाशी एक बारीक नळी, छातीभोवती पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर. आपल्याच पलंगावर झोपायचं आणि सकाळी यंत्र परत करायचं. प्रयोगशाळेतली चाचणी म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी. त्यात याशिवाय डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला आणि पायांना चकत्या चिकटवतात, म्हणजे तुम्ही खरोखर झोपलात कधी आणि कुठल्या झोपेत होतात ते कळतं. सुई नाही, भूल नाही. “तिथे मला झोपच लागणार नाही” असं सगळेच म्हणतात. थोडी लागते आणि बहुधा तेवढी पुरते.

घरच्या चाचणीला बहुतेक जण पटकन तयार होतात, पण ती सगळ्यांना चालत नाही. हृदय कमजोर असणं, फुप्फुसाचा जुना आजार, पूर्वीचा पक्षाघात, ओपिऑइड (अफूच्या जातीची) वेदनाशामकं चालू असणं, अशा वेळी डॉक्टर थेट प्रयोगशाळेतलीच सांगतात.

मधली पायरी: कागदावरचे प्रश्न

डॉक्टरांकडे जायलाही नकार असेल तर दोन छोट्या प्रश्नावल्या कामाला येतात. ‘स्टॉप-बँग’मध्ये आठ हो-नाही प्रश्न आहेत: मोठ्यानं घोरणं, दिवसा थकवा, कोणी श्वास थांबलेला पाहिला का, रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरहून जास्त, पुरुष. तीन ‘हो’ आले की डॉक्टरांना विचारावं, पाच किंवा अधिक आले तर धोका बराच. यातल्या ‘कोणी पाहिलं का’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्याशिवाय देताच येत नाही, हे हळूच लक्षात आणून द्या.

दुसरी एपवर्थ, १९९१ ची. आठ प्रसंग: वाचताना, टीव्हीसमोर, दुपारी आडवं झाल्यावर, सिग्नलला गाडी थांबलेली असताना वगैरे. प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन. बेरीज १० च्या वर गेली तर दिवसाची झोप जास्तच. ही दोघांनी वेगवेगळी, पण एकाच माणसाबद्दल भरायची. माझ्या बेरजेत मी ६ होतो, तिच्या बेरजेत १४. टीव्हीसमोर मी ‘कधीच नाही’ लिहिलं होतं. तिनं नुसतं विचारलं, “काल बघत होतास त्याचा शेवट काय झाला?”

दुसऱ्या दारानं

काही माणसं घरच्यांचं ऐकत नाहीत, तिऱ्हाइताचं ऐकतात. अपमान वाटून घेऊ नका, फायदा घ्या. रक्तदाबासाठी, मधुमेहासाठी नेहमीच्या डॉक्टरांकडे जाणं होतच असेल. तीन-तीन गोळ्या घेऊनही दाब आटोक्यात येत नसेल तर अ‍ॅप्निया तपासावा, हे डॉक्टरांना ठाऊक असतं, फक्त रात्रीची हकीकत त्यांच्यापर्यंत पोचलेली नसते. तुम्ही सोबत जा. पण जोडीदाराच्या पाठीमागे डॉक्टरांना फोन करून कट रचू नका. “मी रात्रीचं सांगणार आहे” हे निघण्याआधी त्याला सांगून ठेवा.

एखादी शस्त्रक्रिया ठरली असेल तर हा विषय सल्ल्यापुरता राहत नाही. भूल आणि नंतरची वेदनाशामकं घशाचे स्नायू आणखी सैल करतात, म्हणून भूलतज्ज्ञाला श्वास थांबत असल्याची कल्पना असलीच पाहिजे. स्टॉप-बँग मुळात शस्त्रक्रियेआधीच्या रुग्णांसाठीच तयार झाली.

तरीही नाहीच म्हटलं तर

सोडून द्या. कायमचं नाही, महिनाभर. रोज तोच विषय निघाला की ती कटकट होते आणि कटकटीला माणूस सरावतो. एवढंच म्हणा, “ठीक आहे. पुढच्या महिन्यात मी पुन्हा एकदा विचारीन.” आणि मधे खरंच विचारू नका. माझ्या बाबतीत याचाच परिणाम झाला. तिसऱ्या आठवड्यात मीच विचारलं, “वहीत लिहितेस का अजून?”

दरम्यान कुशीवर झोपणं, उशाकडची बाजू उंच करणं, संध्याकाळी मद्य टाळणं, झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज न घेणं, याचा थोडाफार उपयोग होतो. तो उपचार नव्हे. आणि तुम्ही वेगळ्या खोलीत झोपायला लागलात तर त्यात काही वावगं नाही. मात्र ते शिक्षा म्हणून जाहीर करू नका. “मला आठवड्यातून तीन रात्री सलग झोप हवी आहे” एवढं पुरे.

एका ठिकाणी मात्र थांबायचं नाही. गाडी चालवताना डोळा लागत असेल, एकदाही लागला असेल, तर हा पती-पत्नीमधला समजुतीचा प्रश्न उरत नाही, कारण रस्त्यावर इतरही माणसं आहेत. किल्ली मागा. “तपासणी होईपर्यंत मी तुझ्या गाडीत बसणार नाही आणि मुलांनाही बसवणार नाही” हे सरळ बोला. आवाज चढवायची गरज नाही. तसंच छातीत दुखणं, रात्री धाप लागून उठून बसावं लागणं, पायांवर सूज, किंवा गरोदरपणात नव्यानं सुरू झालेलं घोरणं आणि वाढलेला रक्तदाब, अशा वेळी महिनाभर वाट पाहत बसू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

डॉक्टरांसमोर

आधी जोडीदाराला बोलू द्या. तो “हिच्या समाधानासाठी आलोय” असं म्हणेल. म्हणू द्या, आलाय ना? विचारलं की वही पुढे करा, वाचून दाखवू नका. आमच्या डॉक्टरांनी दोन पानं चाळली, मला विचारलं, “सकाळी डोकं दुखतं?” मी नाही म्हणालो आणि मग आठवलं की दुखतं, रोज, पण मी ते दुखणं समजतच नव्हतो.

रिपोर्ट आल्यावर

काही सापडलं नाही तर लगेच “बघ, उगाच केली” असं ऐकावं लागेल. घरच्या चाचणीत घटनांना झोपेच्या तासांनी न भागता यंत्र चालू असलेल्या तासांनी भागतात, त्यामुळे जागं पडून राहिलेला वेळ धरून आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसू शकतो. लक्षणं ठळक असतील आणि घरची चाचणी कोरी आली तर प्रयोगशाळेतली करून घ्यावी, असंच डॉक्टर सुचवतात. शिवाय एक रात्र दुसरीसारखी नसते. ती रात्र पूर्ण कुशीवर गेली असेल तर तेही रिपोर्टमध्ये पाहा.

काही सापडलं तर दोन दिवस त्या विषयावर काहीच बोलू नका. आकडा पचायला वेळ लागतो. “मी सांगत होते ना” हे वाक्य कितीही ओठांवर आलं तरी गिळा. आमच्याकडे ते गिळलं गेलं आणि त्याबद्दल मी आजन्म ऋणी आहे.

मशीन आलं तर पहारेकरी होऊ नका. “काल चारच तास लावलंस” असा हिशेब यंत्र स्वतः ठेवतं आणि डॉक्टर बघतात. मुखवटा टोचतो, नाक कोरडं पडतं, पट्टा सैल होतो, या तक्रारी पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेकांच्या असतात आणि मुखवट्याचा आकार बदलून किंवा हवेला आर्द्रता देऊन बऱ्याचशा सुटतात. त्या ऐका, दुरुस्त करायला मदत करा. दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास नुसता मुखवटा लावून बसण्याची सवय मला उपयोगी पडली.

वही अजून तिच्या उशाकडच्या खणात आहे. त्यातली शेवटची नोंद मशीनच्या चौथ्या रात्रीची: ‘२.४०. आवाज नाही. छातीवर हात ठेवून पाहिला. चालू आहे.’